६० दिवसांची नोटीस हाती आल्यावर गिरणीच्या तारणाचा वाद कसा लढवावा

वणी, हिंगणघाट, अकोट या कापूसपट्ट्यातील जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी) असो, अकोल्याकडील डालमिल असो किंवा तुमसर-गोंदियाकडील राईस मिल असो, ग्रामीण विदर्भातील बहुतेक गिरण्या दोन कर्जांवर उभ्या असतात. एक यंत्रसामग्रीसाठी घेतलेले मुदत कर्ज आणि दुसरे हंगामात कापूस, तूर किंवा धान खरेदी करण्यासाठी घेतलेले कॅश क्रेडिट. चढ्या भावाने खरेदी झाल्यावर रुईचा भाव उतरला किंवा व्यापाऱ्याकडील रक्कम अडकली की हप्ते चुकतात, आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की बँक ते खाते अनुत्पादक (एनपीए) ठरवते. त्यानंतर मालकांचे जे नुकसान होते, त्यातील मोठा भाग दोन समजुतींमुळे होतो. "सातबाऱ्यावर जमीन शेतीची आहे, बँक हात लावू शकत नाही" ही पहिली समजूत, आणि "दिवाणी कोर्टातून स्टे आणू" ही दुसरी. पहिली अर्धवट खरी आहे, दुसरी बहुतांशी खोटी आहे, आणि दोन्हींवर विसंबून राहिल्याने कायद्याने दिलेले मोजके दिवस हातचे निघून जातात. ते दिवस कसे वापरावेत, हे येथे सांगितले आहे.

आधी कर्ज देणारी संस्था कोणती, हे पाहावे

वसुलीचा मार्ग कर्ज देणाऱ्या संस्थेवरून ठरतो, आणि मार्गानुसार दाद मागण्याचे ठिकाण बदलते. राष्ट्रीयीकृत व खासगी बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकू शकतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, याबद्दल अनेक वर्षे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये पांडुरंग गणपती चौगुले प्रकरणात तो लागू होतो असा निर्णय दिला, त्यामुळे जिल्हा बँकेची किंवा नागरी बँकेची नोटीस "सहकारी आहे, काही करणार नाही" म्हणून बाजूला ठेवू नये. १०० कोटी किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांनाही २० लाख रुपये व त्यावरील कर्जांसाठी हा अधिकार मिळालेला आहे.

पतसंस्थेचे प्रकरण वेगळे असते. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याने होते. हा दाखला निबंधक कार्यालयातून मिळतो, त्यामुळे तेथील सुनावणीची नोटीस आल्यावर हजर राहून हिशेबावर लेखी हरकत घेणे अत्यावश्यक आहे. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करताना दाखल्याच्या रकमेच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. बंद पडलेल्या गिरणीच्या मालकाला ती कोठून आणायची, हा प्रश्न पडतो. म्हणून पतसंस्थेच्या बाबतीत खरी लढाई दाखला निघण्यापूर्वीच द्यावी. येथून पुढचे विवेचन मुख्यतः सरफेसी कायद्याखालील प्रकरणांचे आहे.

नोटीस स्वीकारावी आणि तारीख लिहून ठेवावी

कलम १३(२) ची मागणी नोटीस ६० दिवसांची असते. तीत येणे रकमेचा तपशील आणि कोणत्या मालमत्तांवर बँक कारवाई करणार आहे, हे लिहिलेले असावे लागते. पोस्टमन आला की घरी नाही असे सांगणे किंवा लिफाफा परत पाठवणे, हा उपाय गावोगाव केला जातो आणि तो हानिकारक आहे. कर्जदार नोटीस टाळत असेल तर ती घराच्या दारावर चिकटवून व दोन वर्तमानपत्रांत छापून बजावता येते. म्हणजे बजावणी टळत नाही, फक्त तिच्यातील मजकूर कर्जदाराला उशिरा कळतो. नोटीस घ्यावी, लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि लिफाफा जपून ठेवावा.

नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या संमतीशिवाय तारण मालमत्ता विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. नेहमीच्या व्यवहारातील मालविक्री तेवढी चालू ठेवता येते. रातोरात जिनिंगची यंत्रे उचलून दुसऱ्या गावी नेली तर कलम २९ खाली एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते, आणि पुढे कर्जवसुली न्यायाधिकरणासमोर, म्हणजे बँकेच्या कारवाईविरुद्ध जेथे दाद मागायची तेथे, आपली बाजू कितीही खरी असली तरी सहानुभूती उरत नाही.

हरकतीचे पत्र

या ६० दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे कलम १३(३अ) खालील लेखी हरकत. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने सकारण उत्तर द्यावे लागते. बँकेने हरकत फेटाळली म्हणून लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही हे खरे, परंतु पुढे तेथे गेल्यावर पहिला प्रश्न "तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता" हाच असतो. म्हणून हे पत्र केवळ मुदत मागणारे नसावे. "हंगाम आला की भरतो" एवढेच लिहिलेले पत्र संपूर्ण रक्कम कबूल केल्याचा पुरावा म्हणून वापरले जाते.

पत्र लिहिण्यापूर्वी बँकेकडून मंजुरीपत्र, गहाणखत किंवा हक्कपत्र ठेवीची (मालकीची कागदपत्रे बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणाची) नोंद, जामीनकरार आणि खाते उघडल्यापासूनचा खातेउतारा यांच्या प्रती लेखी अर्जाने मागाव्यात. उतारा स्वतः किंवा सनदी लेखापालाकडून ओळीओळीने तपासावा. खाते ज्या तारखेला अनुत्पादक ठरवले, त्या दिवशी खरोखर ९० दिवस पूर्ण झाले होते काय, मंजुरीपत्रातील व्याजदर आणि लावलेला व्याजदर एकच आहे काय, विम्याचे व पाहणीचे शुल्क दोनदा तर लागले नाही, हे पाहावे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दंडाची आकारणी शुल्क म्हणून करता येते, दंडव्याज म्हणून व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही. जी चूक सापडेल ती रकमेसह, तारखेसह लिहावी. मुद्दल व व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या २० टक्क्यांपेक्षा कमी येणे उरले असेल तर हा कायदा लागूच होत नाही, हेही तपासून घ्यावे.

उद्यम नोंदणी असलेल्या गिरणीला आणखी एक मुद्दा उपलब्ध आहे. आजारी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने आणि रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०१६ च्या निर्देशांनी व्यापारी बँकांसाठी घालून दिली असून ती २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी प्रो निट्स प्रकरणात ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. मात्र त्याच निकालात उद्योजकानेही जागरूक राहून आपण या वर्गात येतो हे वेळेत कागदपत्रांसह बँकेला कळवावे, असे म्हटले आहे. लिलाव झाल्यानंतर हा मुद्दा काढून उपयोग होत नाही. शक्य तर खाते अनुत्पादक होण्यापूर्वी, आणि ते जमले नसेल तर निदान या हरकतपत्रात, उद्यम प्रमाणपत्र व प्रतिज्ञापत्र जोडून तो मांडावा.

जमीन शेतीची, की गिरणीची

विदर्भातील वादांचा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबू. समजा, मारेगाव तालुक्यातील एका गावाजवळ दोन भावांची भागीदारीतील जिनिंग आहे. दोन एकर जमीन अकृषिक करून त्यावर शेड बांधलेले आहे. लगतच्या तीन एकरांत हंगामात कापसाच्या गंज्या लागतात आणि तेथेच वजनकाटा आहे, पण सातबाऱ्यावर ती जमीन आजही शेती म्हणूनच आहे. याखेरीज जामीनदार असलेल्या वडिलांचे पाच एकर वावर जादा तारण म्हणून लिहून दिलेले आहे आणि त्यात दरवर्षी कापूस-तूर निघते. बँकेने तिन्ही तुकड्यांवर नोटीस दिली आहे.

सरफेसी कायद्याच्या कलम ३१(आय) नुसार शेतजमिनीवरील तारणहक्काला हा कायदा लागू होत नाही. परंतु शेतजमीन म्हणजे काय, हे केवळ महसुली नोंदीवरून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ब्लू कोस्ट हॉटेल्स प्रकरणात तारण निर्माण होताना त्या जमिनीचे स्वरूप आणि प्रयोजन काय होते, हे पाहावे लागते असे सांगितले. पुढे २०२३ मध्ये के. श्रीधर प्रकरणात जमीन प्रत्यक्ष शेतीखाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदारावर असल्याचे स्पष्ट केले. या कसोटीवर पहिल्या दोन एकरांबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. मधले तीन एकर सातबारा काहीही म्हणत असला तरी बहुधा बँकेच्या बाजूने जातील, कारण ते कर्ज घेतानाही गिरणीचेच अंगण होते. वडिलांच्या पाच एकरांवरील कारवाई मात्र रोखता येण्यासारखी आहे, पुरावा हाती असला तर.

तो पुरावा तलाठ्याच्या दप्तरात आणि स्वतःच्या घरात असतो. गहाणखत झाले त्या वर्षाचे व त्याच्या आगेमागेच्या वर्षांचे पीक पाहणीसह सातबारा उतारे, अलीकडच्या वर्षांची ई-पीक पाहणी, पीकविम्याच्या पावत्या, कापूस वा तूर विकल्याच्या बाजार समितीच्या पट्ट्या, विहिरीवरील कृषिपंपाचे वीजबिल आणि मोजणीचा नकाशा हे सर्व एकत्र करावे. त्याबरोबर बँकेचा कर्ज देतानाचा मूल्यांकन अहवाल अवश्य मागावा. त्यात बँकेच्याच मूल्यांककाने "काळी कसदार जमीन, विहीर, पिके उभी" असे लिहिलेले असेल, तर त्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. गहाणखतात "सदर मालमत्ता अकृषिक आहे" असे छापील वाक्य असेल आणि त्यावर सही केलेली असेल, तर मात्र वाट कठीण होते. ती सही केव्हा व कोणत्या परिस्थितीत झाली, हे वकिलाला आधीच मोकळेपणाने सांगावे.

शेतजमीन सरफेसीच्या बाहेर राहिली म्हणून कर्ज बुडत नाही किंवा गहाण रद्द होत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. येणे २० लाख किंवा अधिक असेल तर बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात मूळ अर्ज करू शकते, कमी असेल तर दिवाणी न्यायालयात गहाणावर दावा लावू शकते. फरक एवढाच की तेथे आधी सुनावणी होते व नंतर जप्ती. व्याज त्या काळातही चढतच असते.

यवतमाळ, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत जमिनीच्या भूधारणेचाही प्रश्न येतो. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ हे बंधन न्यायाधिकरणाच्या आदेशाने होणाऱ्या विक्रीलाही घालते. भोगवटादार वर्ग-२ ची (परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी) जमीन आणि नझूलचे (सरकारी जमिनीचे) पट्टे यांच्यावरही अटी असतात. सातबाऱ्यावरील किंवा पट्ट्यातील शेरा वाचून तो हरकतपत्रात नमूद करावा.

आवारातील माल कोणाचा

कॅश क्रेडिटसाठी कापूस, रुईच्या गाठी, सरकी हा माल नजरगहाण असतो, म्हणजे ताबा मालकाकडे आणि हक्क बँकेचा. जप्तीच्या दिवशी अडचण अशी होते की आवारातील सर्वच माल गिरणीचा नसतो. काही गाठी दुसऱ्याच्या कापसाच्या असतात आणि गिरणीने त्या केवळ मजुरीवर बांधून दिलेल्या असतात. काही कापूस कास्तकाराने ठेवायला टाकलेला असतो, ज्याचा सौदाच झालेला नसतो. बँकेचा अधिकारी स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालकाने बँकेला दिलेली मालाची यादी, पाहतो, आणि त्यात कर्जमर्यादा टिकवण्यासाठी हा सारा माल स्वतःचा म्हणून दाखवलेला असेल तर वाद तेथेच हरल्यासारखा होतो. शिवाय फसवणुकीचा आरोप वेगळा. म्हणून परक्या मालाची वेगळी वही, वेगळी गंजी, काटापट्टीवर खऱ्या मालकाचे नाव आणि मजुरीचा करार, हे सर्व कर्ज सुरळीत असतानाच सांभाळावे.

जंगम मालाचा ताबा घेताना प्राधिकृत अधिकाऱ्याने दोन साक्षीदारांसमक्ष पंचनामा आणि मालाची यादी करावी लागते. मालकाने तेथे हजर राहावे, गाठींची संख्या, वजन व दर्जा नोंदवून घ्यावा आणि परका माल असल्यास तशी हरकत पंचनाम्यातच लिहून मागावी. लिहू दिली नाही तर त्याच दिवशी ईमेलने व रजिस्टर पोस्टाने कळवावी. लवकर खराब होणारा किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीपेक्षा वाढेल असा माल बँक लगेच विकू शकते, म्हणून येथे उशीर परवडत नाही. ज्या कास्तकाराचा कापूस अडकला त्यालाही न्यायाधिकरणात जाता येते, कारण कलम १७ चा अर्ज कारवाईने बाधित झालेली कोणतीही व्यक्ती करू शकते.

जामीनदार आणि घरातील वाटेकरी

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी गिरणी विका मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. कलम १३(११) तसे स्पष्ट सांगते. त्याने स्वतःची वेगळी हरकत द्यावी, कर्जदाराच्या पत्रावर विसंबू नये.

वडिलोपार्जित जमीन एका भावाने गहाण टाकली आणि बहिणीची सहीच नाही, असे पुष्कळदा आढळते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला सहदायिकीत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत, जन्मतः हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात पक्के केले. दिवाणी न्यायालयाला कलम ३४ ने बंदी असली तरी तिच्यासारखी जी व्यक्ती कर्जदार नाही आणि जी मालकीहक्काचाच प्रश्न मांडते, तिचा दावा दिवाणी न्यायालयात चालू शकतो, असे जानेवारी २०२५ मध्ये प्रभा जैन प्रकरणात ठरले आहे. हा मार्ग खऱ्या वाटेकऱ्यासाठी आहे. कर्जदार भावाने बहिणीला पुढे करून लावलेला दावा हक्कसोडपत्राची जुनी प्रत पुढे येताच कोसळतो.

४५ दिवस

६० दिवस संपल्यावर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. आधी सांकेतिक, म्हणजे फाटकावर ताबा सूचना लावून आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका मराठी पत्रात, छापून. "अजून कुलूप लावले नाही, म्हणजे काही झाले नाही" असे मानून अनेक जण येथे चुकतात. सांकेतिक ताबा हीदेखील कारवाईच असून तिच्याविरुद्ध दाद मागता येते, हे २०१८ मध्ये हिंडन फोर्ज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि कलम १७ च्या अर्जाची ४५ दिवसांची मुदत तेथूनच मोजणे शहाणपणाचे आहे.

विदर्भासाठी हा अर्ज नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात होतो. कर्जदाराचे शुल्क पहिल्या १० लाखांना ५,००० रुपये आणि त्यावरील प्रत्येक लाखाला २५० रुपये, कमाल १ लाख रुपये. येणे ८० लाख असेल तर २२,५०० रुपये होतात. अर्जासाठी कोणतीही अनामत कायद्याने भरावी लागत नाही. पूर्वीची ७५ टक्क्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात रद्द केली. स्थगिती देताना मात्र न्यायाधिकरण काही रक्कम भरण्याची अट सहसा घालते, म्हणून सुनावणीला जाताना किती व केव्हा भरू शकतो याचा खरा आकडा तयार ठेवावा. येथे हरल्यास मुंबईच्या अपील न्यायाधिकरणात ३० दिवसांत जाता येते, पण तेथे येणे रकमेच्या ५० टक्के, आणि सवलत मिळाली तरी किमान २५ टक्के, भरावे लागतात. त्यामुळे सारी ताकद नागपुरातच लावावी.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि त्यांच्या आदेशाने तहसीलदार पोलीस बंदोबस्तासह येतात. त्या दिवशी तहसीलदारांसमोर वाद घालून काही साधत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनाही तेथे वादाचा निवाडा करण्याचा अधिकार नाही, हे २०२२ मध्ये बाळकृष्ण रामा तर्ळे प्रकरणात स्पष्ट झाले आहे.

लिलावापूर्वी

पहिल्या विक्रीसाठी कर्जदाराला ३० दिवसांची सूचना मिळाली पाहिजे, आणि राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावर आधारलेली असली पाहिजे. पहिला लिलाव फसल्यास पुढची सूचना १५ दिवसांची चालते. मूल्यांकन जुने असेल, यंत्रे भंगाराच्या भावाने धरली असतील, तर स्वतःच्या मूल्यांककाचा अहवाल घेऊन लगेच हरकत घ्यावी. अशा दोषांनी विक्री थांबू शकते किंवा रद्द होऊ शकते, कर्ज मात्र माफ होत नाही. मिळालेला वेळ तडजोडीसाठी वापरावा.

एक तारीख मात्र कोणीही विसरू नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण येणे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात तो अर्थ कायम केला. लिलावाच्या सकाळी धनादेश घेऊन बँकेत पोहोचलेल्या माणसाला म्हणूनच रिकाम्या हाताने परत यावे लागते. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेच्या धोरणात बसली तरच ती होते. प्रस्ताव लेखी द्यावा, सोबत काही रक्कम भरावी, आणि मंजुरीपत्रात ठरलेली तारीख पाळता येईल तेवढीच रक्कम कबूल करावी. लोकअदालतीतही अशा तडजोडी होतात, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीचे कर्जदार किंवा कमी उत्पन्नाचे जामीनदार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

रक्कम पूर्ण भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे उरले नाही असा दाखला, घ्यावा. मूळ कागदपत्रे परत करण्याची आणि नोंदवलेला बोजा उतरवण्याची मागणी लेखी करावी, कारण ३० दिवसांत कागदपत्रे परत करण्याचा आणि उशिराबद्दल दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे, गिरणीच्या व्यवसाय कर्जासाठी नाही. नोंदणीकृत गहाणखत असेल तर दुय्यम निबंधकाकडे गहाणमुक्तीचा दस्त करावा, तारण नोंदणीच्या केंद्रीय नोंदवहीतील नोंद बँकेकडून बंद करून घ्यावी, बेबाकी दाखला जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर तारण दिलेल्या सर्व तुकड्यांचा नवा सातबारा काढून "इतर हक्क" या रकान्यात बँकेचे नाव उरले नाही ना, हे स्वतः वाचून पाहावे.